तोतया ज्युलिएट, निकची संमती आणि हरवलेला न्याय: ‘ग्रिम’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ग्रिम’ ही अमेरिकन मालिका ऑक्टोबर २०११ ते मार्च २०१७ अशी सहा सीझन चालली. पोर्टलंडमधला एक पोलिस डिटेक्टिव्ह, माणसांच्या कातडीआड लपलेले ‘व्हेसन’ नावाचे राक्षसी जीव आणि दर आठवड्याला एक खून. राक्षस, जादू, कट-कारस्थानं यांवर कोणी फारसं भांडत नाही. भांडण होतं ते तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागातल्या एका प्रसंगावरून. मी ते इतक्यांदा भांडले आहे की तेच तेच प्रश्न एकदाचे लिहून काढावेत असं वाटलं. पुढे सगळी गुपितं फुटलेली आहेत; मालिका पाहायची असेल तर इथेच थांबा.

नेमकं घडतं काय?

निक बर्कहार्ट हा ‘ग्रिम’, म्हणजे व्हेसनचं खरं रूप पाहू शकणारा माणूस. ज्युलिएट त्याची जोडीदार. ॲडलिंड शेड ही हेक्सनबीस्ट, सोप्या भाषेत चेटकीण, आणि निकची जुनी वैरीण. मे २०१४ मध्ये दाखवलेल्या त्या भागात ॲडलिंड मंत्राने हुबेहूब ज्युलिएटचं रूप घेते, निकच्या घरी जाते आणि त्याच्याशी संबंध ठेवते. त्यातून निकची ग्रिमपणाची शक्ती जाते. तोच दिवस मनरो आणि रोझली या त्याच्या जिवलग मित्रांच्या लग्नाचा. पुढे ॲडलिंडला निकपासून दिवस गेल्याचं उघड होतं.

निक तर राजी होता. मग अडचण कुठे आहे?

राजी होता, पण कोणाला? ज्युलिएटला. ॲडलिंडला त्याने होकार दिला नव्हता, आणि ती तिच्या स्वतःच्या रूपात आली असती तर त्याने तिला दारातच बेड्या घातल्या असत्या. हे तिलाही पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर एवढा मंत्राचा खटाटोप.

लोक संमतीबद्दल बोलताना ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच शब्दांत अडकतात. ‘हो’ म्हणजे कोरा चेक नव्हे. त्यावर नाव असतं. दुसऱ्याच्या नावाचा चेक तिसऱ्याने वटवला तर सही खरी आहे म्हणून बँक त्याला सोडून देत नाही.

मग निकला कळलं कसं नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

आधी कथेच्या चौकटीतलं उत्तर. निकला व्हेसन दिसतात ते त्यांचा स्वतःवरचा ताबा सुटून मूळ रूप उसळतं तेव्हा. इथे उसळण्यासारखं काही नव्हतंच. मंत्राने चेहरा, आवाज, शरीर सगळंच ज्युलिएटचं झालं होतं. चेहऱ्यामागचा चेहरा पाहणं हीच ज्याची जन्मजात देणगी, त्याला नेमक्या याच चेहऱ्याने फसवावं, यातली लेखकांची खोच मला आवडते.

पण हा प्रश्न विचारणाऱ्याला मंत्राचे नियम नको असतात. त्याच्या स्वरात आरोप असतो. ‘इतकी वर्षं एकत्र राहिलात, स्पर्शावरून कळू नये?’ मालिकेतही ज्युलिएट दुखावते आणि दोघांत अंतर पडतं. तिचं दुःख मला समजतं. तिच्या रूपाची चोरी झाली, म्हणजे ती स्वतःही या गुन्ह्याची बळी आहे, आणि हे पाहणारे सहसा विसरतात. तरी त्या आरोपाने एक गोष्ट गुपचूप घडते. खटला फसवणाऱ्या व्यक्तीवरून उठतो आणि फसलेल्याच्या डोळ्यांवर, नाकावर, शहाणपणावर येऊन बसतो.

हे आजचं नाही. वाल्मीकींच्या बालकांडात इंद्र गौतमाचं रूप घेऊन येतो आणि अहल्या त्याला ओळखते. देवराजाबद्दलच्या कुतूहलापोटी ती तयार होते, असं तिथे स्पष्ट आहे. नंतरच्या अनेक कथांमध्ये मात्र ती ओळखत नाही, खरोखर फसते. म्हणजे तिला निर्दोष ठरवायचं तर आधी तिचं ‘माहीत असणं’ पुसावं लागलं. आणि गंमत अशी, की पुसल्यावरही बऱ्याच कथांमध्ये शाप काही टळला नाही. फसली तरी शिळा झालीच.

प्रत्यक्ष इतिहासात असं कधी झालंय?

जादू सोडून सगळं झालंय. तोतया हा शब्द मराठीला नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. पण आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा खटला फ्रान्समधला.

मार्टिन गेर नावाचा शेतकरी १५४८ मध्ये बायकोला सोडून गाव सोडून निघून गेला. १५५६ मध्ये ‘मार्टिन’ परतला. गावाने ओळखला, बहिणींनी ओळखला, बायको बर्ट्रांदने ओळखला. तीन वर्षं संसार झाला, मुलगी झाली. मग पैशांवरून काकाशी बिनसलं आणि हा मार्टिनच नव्हे असा दावा उभा राहिला. तूलूझच्या न्यायालयात तो तोतया इतकं अचूक बोलत होता की न्यायाधीश त्याच्या बाजूने झुकत चालले होते. तेवढ्यात लाकडी पाय टेकत खरा मार्टिन दारात उभा राहिला. सप्टेंबर १५६० मध्ये तोतयाला फाशी झाली, तीही मार्टिनच्या घरासमोर.

खरा मार्टिन परतल्यावर बायकोला काय म्हणाला, ते त्या खटल्यातल्याच एका न्यायाधीशाने, झां द कोरास याने, लिहून ठेवलंय. आशय असा: बहिणींची, काकाची चूक एकवेळ माफ होईल, पण बायकोने नवऱ्याला ओळखायलाच हवं होतं. बोलणारा कोण? बारा वर्षं गायब असलेला नवरा. न्यायालयाने मात्र बर्ट्रांदला दोषी धरलं नाही. तिला सगळं माहीत होतं का, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. नटाली झेमन डेव्हिस यांनी १९८३ मध्ये मांडलं की तिने बहुधा जाणूनबुजून हा चांगला नवरा पत्करला. पुन्हा तेच. साडेचारशे वर्षांनंतरही चर्चा तिच्या माहितीची.

कायदा अशा फसवणुकीला काय म्हणतो?

कायद्याला हे कोडं सहज सुटलेलं नाही. इंग्लंडमध्ये १८६८ साली न्यायालयाने म्हटलं की नवरा असल्याची बतावणी करून ठेवलेला संबंध बलात्कार ठरत नाही, कारण बाईने ‘त्या कृतीला’ संमती दिली होती. आयर्लंडच्या न्यायाधीशांनी १८८४ मध्ये हे मानायला साफ नकार दिला, आणि १८८५ मध्ये इंग्लंडला कायदाच बदलावा लागला. मजेची गोष्ट म्हणजे १८६०च्या भारतीय दंडसंहितेत नवऱ्याच्या तोतयेगिरीचं कलम आधीपासून होतं. ज्यांनी ते इथे लिहिलं त्यांना स्वतःच्या घरी तेच करायला आणखी पंचवीस वर्षं लागली.

तिथेही ‘नवरा’ या शब्दात मेख होतीच. प्रियकराची बतावणी केली तर? कॅलिफोर्नियात नेमकं हेच झालं. जुन्या कायद्यात फक्त विवाहित स्त्रीला संरक्षण होतं. अंधारात प्रियकर समजून झोपेतल्या तरुणीशी संबंध ठेवणाऱ्याची शिक्षा २०१३च्या सुरुवातीला अपिलात रद्द झाली. बोंब झाली आणि त्याच वर्षी कायदा सुधारला. मॅसॅच्युसेट्समध्ये एकाने अंधाराचा फायदा घेऊन भावाची बतावणी केली होती. सर्वोच्च राज्य न्यायालयाने २००७ मध्ये निकाल दिला की बळजबरी नसेल तर नुसती फसवणूक त्यांच्या कायद्यात बलात्कार ठरत नाही.

इंग्लंडचा २००३चा लैंगिक गुन्हे कायदा याबाबत सगळ्यांत स्वच्छ आहे. तक्रारदाराच्या व्यक्तिशः ओळखीच्या माणसाची तोतयेगिरी करून होकार मिळवला, हे सिद्ध झालं की संमती नव्हती असंच धरायचं. त्यावर वाद नाही, उलटतपासणी नाही. चेहरा मंत्राने बदलला की अंधाराने लपवला, हे कलम विचारत नाही.

फसवणारी बाई आणि फसलेला पुरुष असेल तर?

तर बऱ्याच ठिकाणी कायद्याची बोलती बंद होते. भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४पासून लागू) बलात्काराचं कलम ६३ पुरुष आरोपी आणि स्त्री तक्रारदार असंच लिहिलेलं आहे. त्यातला तोतया नवऱ्याचा चौथा मुद्दा ॲडलिंडला लागूच होणार नाही. इंग्लंडमध्येही बलात्काराची व्याख्या पुरुषाच्या शरीराशी बांधलेली आहे, पण शेजारी दुसरा गुन्हा आहे: एखाद्याला त्याच्या संमतीविना लैंगिक कृती करायला लावणं. तो स्त्री-पुरुष पाहत नाही, तोतयेगिरीचं गृहीतक त्यालाही लागतं आणि कमाल शिक्षा जन्मठेप आहे. लंडनच्या कोर्टात ॲडलिंडची धडगत नव्हती.

प्रेक्षकांचं म्हणाल तर आम्ही चौघं हा भाग पाहत होतो तेव्हा एकजण हसून म्हणाला, ‘नशीबवान आहे लेकाचा.’ मी थांबवून विचारलं, जागा बदलू या का? निकचा पोलिस कॅप्टन रेनार्ड निकचं रूप घेऊन ज्युलिएटकडे गेला असता तर? तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘ते वेगळं.’ का वेगळं, हे रात्री अकरापर्यंत त्याला सांगता आलं नाही.

म्हणजे प्रत्येक खोटं बोलणं बलात्कारच का?

नाही, आणि इथे माझ्या बाजूचे लोकही घसरतात.

वय, पगार, लग्न झालंय की नाही, ‘तुझ्यावर प्रेम आहे’. माणसं सर्रास खोटं बोलतात. २०१३ मध्ये येल विद्यापीठाचे जेड रुबेनफेल्ड यांनी हाच पेच मांडला. चोरीत, घरात घुसण्यात, कराराच्या व्यवहारात फसवून मिळवलेला होकार आपण होकार धरत नाही. मग शरीरसंबंधात तो बहुतेक वेळा का धरतो? त्यांचा निष्कर्ष असा की बलात्काराचा पाया निव्वळ ‘लैंगिक स्वायत्तता’ मानला तर प्रत्येक थाप गुन्हा ठरेल, म्हणून पायाच वेगळा शोधायला हवा. त्यांच्यावर भरपूर टीका झाली. त्याच वर्षी तत्त्वज्ञ टॉम डोहर्टी यांनी उलट टोक धरलं: जी गोष्ट कळली असती तर समोरचा नाहीच म्हणाला असता, ती लपवणं नैतिकदृष्ट्या गंभीर आहे; मग ती गोष्ट इतरांना किरकोळ का वाटेना.

न्यायालयं यांच्या मधे कुठेतरी चाचपडतात. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं की नसबंदी झाल्याचं खोटं सांगितल्याने संमती रद्द होत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं की निरोध वापरण्याच्या अटीवर दिलेला होकार हा निरोधाशिवायच्या कृतीला होकार नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लग्नाचं सुरुवातीपासूनच खोटं असलेलं वचन आणि नंतर पाळता न आलेलं वचन यांत फरक केला. नव्या संहितेत कलम ६९ वेगळंच आहे: फसवून किंवा लग्नाचं खोटं वचन देऊन ठेवलेला संबंध, बलात्कार न ठरणारा पण दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. नोकरी-बढतीचं आमिष आणि ओळख लपवून केलेलं लग्नही त्यात येतं.

माझं मत? ‘मी कसा आहे’ याबद्दलचं खोटं आणि ‘मी कोण आहे’ याबद्दलचं खोटं यांच्यात रेघ आहे. रेघ मधे पुसट होते, कबूल. पण ॲडलिंड रेघेच्या आसपासही नाही. तिने स्वतःबद्दल खोटं सांगितलंच नाही. तिने स्वतःला पुसून तिथे दुसरी जिवंत बाई उभी केली. वाद अवघड आहे म्हणून हा प्रसंगही अवघड आहे असं नाही.

हँकची गोष्ट कोणी का काढत नाही?

खरंच का काढत नाही? पहिल्या सीझनमध्ये याच ॲडलिंडने निकचा सहकारी हँक याला मंतरलेली बिस्किटं चारून नादी लावलं. तो तिच्या प्रेमात वेडा झाला, तिच्याशी संबंध आला आणि मग मरणाच्या दारी पोचला. त्यातलं एक बिस्किट सार्जंट वूने उचलून खाल्लं, आणि तो बिचारा न खाण्याच्या वस्तू खात सुटला. मालिकेने त्याचा विनोद केला. एका डब्यातलं एक बिस्किट विनोदाचं आणि बाकीची गुंगी देऊन केलेल्या अत्याचाराची. हँकचा ‘हो’ निकपेक्षाही पोकळ होता, कारण तिथे मनच ताब्यात घेतलं होतं. नंतर त्याला यावर बसून दोन वाक्यं बोलू दिलेली मला आठवत नाहीत.

चौथ्या सीझनमध्ये ज्युलिएटनेही रूप बदललं, ते चालतं का?

निकची शक्ती परत यावी म्हणून ज्युलिएट ॲडलिंडचं रूप घेते आणि दोघं एकत्र येतात. मंत्र तसाच, कृती तीच. फरक एवढाच की निकला माहीत आहे समोर कोण आहे. नको असलेला चेहरा, पण हवी असलेली व्यक्ती. मला तो मालिकेतला सगळ्यात अस्वस्थ आणि सगळ्यात प्रामाणिक प्रसंग वाटतो. ॲडलिंडच्या रूपाला तिची परवानगी नव्हती हा मुद्दा कोणी काढला तर तो बरोबर आहे, पण त्यावर अश्रू ढाळायला मला वेळ नाही.

ॲडलिंडचीही फसवणूक झाली होती. तिला सूट नाही?

झाली होती, आणि ती फसवणूक आपल्या नायकांनीच केली होती. तिची तान्ही मुलगी डायना राजघराण्याच्या हाती पडू नये म्हणून निक, रेनार्ड आणि मंडळींनी बनाव रचला आणि बाळ निकच्या आईबरोबर लपवलं. ॲडलिंडला वाटत राहिलं की बाळ राजपुत्र व्हिक्टरकडे आहे. व्हिक्टरने तेच खोटं चालू ठेवून तिला निकवर सोडलं. लेकरासाठी काळीज तुटलेली आई आहे ती. शिक्षा ठरवताना हे तोलायलाच हवं. गुन्हा ठरवताना नाही. व्हिक्टरचा हिशेब वेगळा करा, निकचा आणि त्याच्या मित्रांचाही करा. त्यांनी एका आईला जे केलं त्याबद्दलही मालिकेत कोणी तिची धड माफी मागत नाही.

निक स्वतः पोलिस आहे. तक्रार का करत नाही?

तक्रारीत लिहिणार काय? ‘एका चेटकिणीने माझ्या जोडीदाराचं रूप घेतलं.’ व्हेसन जगाचं अस्तित्वच सामान्य कायद्यापासून लपवायचं असतं, आणि त्यांची स्वतःची कौन्सिल मुख्यतः एवढंच पाहते की गुपित फुटू नये. म्हणून या मालिकेत न्याय म्हणजे बहुतेकदा मनरोच्या घरी कॉफी पीत घेतलेला निर्णय, नाहीतर जंगलात पुरलेलं प्रेत. कथेची ती गंमतच आहे.

माझी तक्रार तुरुंगाची नाही. ॲडलिंडला बेड्या घालून कथा पुढे गेली नसती. मला फक्त एवढं हवं होतं की कोणीतरी निकला एकदा विचारावं, ‘तू बरा आहेस ना?’ शक्ती गेली म्हणून सगळे हळहळतात. ज्युलिएट दुखावली म्हणून हळहळतात. वृंदेच्या कथेत विष्णू जालंधराचं रूप घेऊन येतो तेव्हा निदान फसलेल्या बाईला शाप द्यायचा अधिकार मिळतो, आणि तो प्रत्यक्ष देवालाही भोगावा लागतो. निकला रागवायलाही जागा दिली नाही.

पुढे दोघांचं प्रेम जमतं. मग जुनं उकरायचं कशाला?

पाचव्या सीझनपासून निक आणि ॲडलिंड एका छताखाली राहतात, बाळ वाढवतात, हळूहळू प्रेमात पडतात. अनेकांची ती आवडती जोडी आहे आणि मी ती आवड हिरावून घेत नाही. अभिनय चांगला आहे, आणि माणसं बदलतात.

पण आजचा होकार कालच्या तारखेने देता येत नाही. नंतर झालेली दिलजमाई ही दिलजमाई आहे, पावती नाही. खटकतं ते प्रेम नव्हे; खटकतं ते हे की त्या प्रेमापूर्वी दोघांनी समोरासमोर बसून ‘त्या दिवशी तू माझ्याशी हे केलंस’ एवढं वाक्यही मनासारखं बोललेलं नाही. एक चांगला संवाद लिहिला असता तर ही जोडी मलाही पटली असती.

मुलाचं काय?

बाळाचं नाव ‘केली’, निकच्या मारल्या गेलेल्या आईवरून ठेवलेलं. निक त्याला जीव लावतो. यात विसंगती शोधणाऱ्यांना मी मार्टिन गेरचा खटला पुन्हा दाखवते: तोतयाला फाशी देणाऱ्या त्याच न्यायालयाने त्याच्यापासून झालेल्या मुलीला औरस ठरवलं, कारण आईने ती नवऱ्याचीच समजून वाढवली होती. सोळाव्या शतकातल्या न्यायाधीशांना गुन्हा आणि लेकरू वेगळं करता आलं.

शेवटी ही काल्पनिक मालिका आहे. एवढं मनावर का घ्यायचं?

खून काल्पनिक असला तरी खुनी कोण ते आपण शोधतोच ना.

वादाआधी कोणते भाग पाहावेत?

पहिल्या सीझनचा सतरावा (हँकसाठी), तिसऱ्याचा शेवटचा, आणि लगेच चौथ्याचा पहिला. मधे थांबू नका. लग्नाच्या प्रसंगात निकच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा: समोरच्या पाहुण्यांची खरी रूपं त्याला दिसायला हवीत, आणि दिसत नाहीत. काहीतरी गेलंय हे त्याला कळलंय.